नागनाथचे अडीचशे तास

माझ्या भाच्याने, नागनाथने, वैमानिक व्हायचे ठरवले तेव्हा मला पहिला शक त्या छापील कागदाचा आला. परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नुकत्याच गेलेल्या पोराने कुठल्याशा मोठ्या शहरातल्या फ्लाइंग क्लबला पत्र लिहावे आणि त्यांनी आठ दिवसांत छापील उत्तर धाडावे, हे काही मला पटेना. इतक्या लवकर उत्तर देणाऱ्याला आपल्या पैशाची घाई असते. मी एसटीत कंडक्टर आहे, माणसे रोज बघतो.

सत्त्याहत्तर सालचा जानेवारी होता. रविवारी मी पोखर्णीला सरजाकडे गेलो. सरजा माझी धाकटी बहीण. मास्तर नवरा वारल्यापासून विहिरीखालची तीन एकर जमीन ती एकटीच कसत होती, आणि पोराच्या शिक्षणासाठी आता तीच विकायला निघाली होती. घेणारा बन्सीधर शेट दुसऱ्या दिवशी सकाळी इसार घेऊन येणार होता. मी हो म्हटल्याशिवाय मात्र ती अंगठा उठवणार नव्हती.

ओसरीवर बसून नागनाथने कागद माझ्या हातात दिला.

"अडीचशे तास इमान उडवायचं, मामा. तासाला शंभर रुपये."

"म्हंजे पंचवीस हजार. आन तास कोन मोजनार?"

"त्यायचं पुस्तक असतंय."

"त्यायचंच पुस्तक, त्यायचंच घड्याळ! गाडी जाग्यावर नुसती घुरघुरत उभी ऱ्हाते, तो टाइम बी तुझ्याच नावावर घालायलेत का, ते इचारलंस का?"

त्याने विचारले नव्हते. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू? मग खोलीचे नि खानावळीचे दोन वर्षांचे सात हजार निघाले, परीक्षेच्या फिया निघाल्या. जमेच्या बाजूला एकच आकडा होता. नोकरी लागली की महिन्याला दोन हजार. मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर चारशे मिळत होते, त्यामुळे तो आकडा मला जरा टोचला.

"दीड-दोन वर्सांत जमीन परत घेता येती की," सरजा म्हणाली.

"नोकरी लागली तर! लागंलच म्हनून कुटं लिव्हलंय?" मी कागद उलटासुलटा केला. "आन ह्यो शिक्का बघ, तिरपा हाय."

पोराचे तोंड उतरले. सरजा मात्र चिडली. "दादा, तू आल्यापासून समद्यात खोट काढायलास. एक तरी खरी अडचन सांग, मंग मी गप बसते."

खरी अडचण कागदाच्या मागच्या बाजूला चौथ्या ओळीत होती. वैद्यकीय तपासणी : दृष्टी, रंग ओळखणे. ती ओळ मी सगळ्यात आधी वाचली होती आणि मगापासून तिच्यावर अंगठा दाबून बसलो होतो.

बावीस वर्षांचा असताना मी मोटार खात्यात ड्रायव्हरच्या भरतीला गेलो होतो. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचे पुस्तक उघडले. त्यातला आकडा मला दिसेना. "तुला लाल-हिरवं कळत नाही," तो म्हणाला. "हे आईकडून येतं. बहीण असेल तर तिच्या मुलांतही निघू शकतं." तेव्हा सरजाचे लग्न ठरत होते. असली गोष्ट बाहेर फुटली असती तर सोयरीक मोडली असती, म्हणून मी घरी सांगितले की ड्रायव्हरकी जिवावरची असते, आपण कंडक्टरच बरे. लग्न झाले, पण सांगायचे राहून गेले. ज्याला आपल्याच डोळ्यांची खात्री नाही, तो जगावर शक घेत फिरतो. माझे तसेच झाले.

दाराशी सकाळी तोडलेल्या मिरच्यांची पाटी होती. काही पिकलेल्या, काही कच्च्या.

"नागनाथ, लाल येगळ्या कर, हिरव्या येगळ्या कर."

"आत्ता, मामा?"

"आत्ताच."

तो गोंधळला, पण बसला. एकेक मिरची दाबून बघू लागला, मध्येच उजेडाकडे धरू लागला. थोड्या वेळाने दोन ढीग झाले. मी ते निरखून पाहिले, पण मला काय कळणार? माझ्या लेखी दोन्ही एकाच रंगाचे होते.

"सरजा, बराबर हायेत का गं?"

"तुला दिसना का?"

"न्हाई दिसत," मी म्हणालो. "कवाच दिसलं न्हाई."

मग मी ठिपक्यांच्या पुस्तकापासून सगळे सांगितले. डॉक्टर बहिणीच्या मुलांबद्दल काय म्हणाला, तेही सांगितले. सरजा ढिगांपाशी येऊन बसली. तिने डावीकडची एक मिरची उचलून उजवीकडे टाकली. उजवीकडच्या दोन डावीकडे टाकल्या. मग चार. मग तिचे हात थांबले.

"मला वाटायचं पोरगं कामचुकार हाय," ती म्हणाली. "तोडायला धाडलं की कच्च्या-पक्क्या एक करून आनायचं. किती येळा मारलं मी त्याला."

नागनाथने हात पुसले. मग त्याने माझ्या हातातून कागद घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"शेटला येऊ नका म्हनून सांगून येतो, आई," तो म्हणाला आणि उठला. पायरीवर जाऊन माझ्याकडे वळला.

"मामा, तुमाला हे कवापासून ठावं व्हतं?"

ज्याच्यावर शक घ्यावा असे आता माझ्याशिवाय कोणी उरले नव्हते.

"तू जन्मायच्या आधीपासून," मी म्हणालो.