धोटा नव्हे, विटी

मित्रांनो, मी एक जुनी विटी आहे. पण हे माझं नाव मला म्हातारपणी कळलं, तेही एका नागपूरच्या माणसाकडून!

माझा जन्म १८२० च्या सुमाराचा, न्यूयॉर्क राज्यातला. एका सुतारानं गाडीचं चाक करून उरलेलं लाकूड दोन्हीकडून निमुळतं तासलं, ती मी. तिथं मला ‘कॅट’ म्हणत, म्हणजे मांजर. टोकावर दांडू बसला की मी उडी मारायचे, म्हणून असेल. तेव्हा खेळांना आखीव मैदानं नव्हती, छापील नियम नव्हते. कापणी आटोपली की दोन गावांचे गडी गवतात जमत आणि आधी नियमांवरून भांडून घेत. एकदा मी टोल्यासरशी ओढ्यापलीकडे गेले, तर अख्खं गाव मला शोधत होतं. ते कौतुक मी अजून विसरले नाही.

पुढे धन्याबरोबर बैलगाडीतून इलिनॉयला आले. चेंडूफळीचे नवे खेळ आले आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. शेवटी नेपरव्हिलजवळच्या एका छोट्या संग्रहालयात पोचले. तिथं माझ्यापुढे चिठ्ठी लागली, ‘विणकराचा धोटा’. जन्मात कधी माग पाहिला नव्हता मी!

१९८६ साली तिथं आवराआवर निघाली. संग्रहालयाच्या बाईंनी मला उलटसुलट पाहिलं. दोरा ओवायला जागाच नाही, म्हणजे हा धोटा नव्हे, नुसता लाकडाचा तुकडा, असं ठरवून त्यांनी मला टाकायच्या खोक्यात घातलं. मी फार भ्याले.

त्या शनिवारी तिथं मदतीला येणारी संघमित्रा आपल्या वडिलांना घेऊन आली. हे दादाराव, नागपूरहून लेकीकडे आलेले. खोक्यात पाहून ते ओरडलेच, “पोरी, ही तं विटी आहे ना!”

“बाबा, प्लीज, टच करू नका. अलाउड नाही!”

“फेकूनच राहिले ना? मग?”

त्यांनी मला अंगणात नेलं, मातीत बोटभर गल उकरली आणि हातातली काठी माझ्या टोकावर मारली. मी उडाले! दीडशे वर्षांनी उडाले! बाई किंचाळल्या. आता टोला बसणार आणि माझे दोन तुकडे होणार, हे मलाही दिसत होतं. पण दादारावांनी काठी टाकून दिली आणि मला वरच्या वर झेललं.

“झेल घेतला. मीच आऊट,” ते हसत म्हणाले.

संघमित्रानं बाईंना सगळा खेळ समजावला. बाईंनी नवी चिठ्ठी टाइप केली. आता तिच्यावर माझी दोन्ही नावं आहेत, कॅट आणि विटी.

मित्रांनो, काचेआड मी सुखरूप आहे. खरं सांगू? तो टोला बसला असता तरी चाललं असतं, असं कधी कधी वाटतं. तुम्ही मात्र एवढं करा. जुनी वस्तू टाकण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. माझं नाव त्या हातांना ठाऊक होतं.