तोंडबंद इंजिनाचं विमान

विमलाबाईनं तेजरामचे उरलेले तिन्ही डबे एकाच दुपारी फोडले. सात वर्षं तिनं ते कापडात गुंडाळून जपले होते. विलायती डबे, आत प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले विमानाचे सुटे भाग. तेजराम, तिचा नवरा, एअरफोर्सात इंजिन फिटर होता. कलकत्त्याच्या दुकानातून असले डबे घेऊन सुट्टीवर यायचा आणि ओसरीवर बसून विमानं जोडायचा. गोंद वाळेपर्यंत विमला भाग धरून बसायची. बायका हसायच्या, हसोत बापड्या.

एकाहत्तरच्या लढाईत तेजराम गेला. सरकारी पत्रात लिहिलं होतं की वरून बॉम्ब पडत असताना विमान दुरुस्त करता करता तो मेला. गावानं शाळेच्या झेंड्याच्या चबुतऱ्यावर त्याचं नाव कोरायचं ठरवलं. तेवढ्यात जागेश्वर पेन्शन घेऊन गावी परतला. तोही एअरफोर्सातलाच. पारावर बसून सांगू लागला, "मी तिथंच होतो जी. तेजराम काम टाकून पळाला. पळता पळताच मेला."

झालं! नाव कोरायचं राहूनच गेलं. बौद्ध वस्तीतल्या माणसाचं नाव झेंड्याखाली येणार म्हणून काहींच्या पोटात आधीच दुखत होतं, त्यांना आयतंच औषध मिळालं. विमलानं पत्र दाखवलं तर म्हणाले, मेलेल्याबद्दल सरकार चांगलंच लिहिते बाई. आणि जागेश्वरला मात्र दर सव्वीस जानेवारीला पहिल्या रांगेत खुर्ची. तेजरामच्या एकाही पत्रात या माणसाचं नाव नव्हतं. पण बाईमाणसाचं ऐकतो कोण? घरात सासू, मालनबाई, तिनंसुद्धा लेकाचं नाव घेणं सोडलं होतं. विमला बालवाडीत पोरांना गाणी शिकवायची आणि मनातल्या मनात जागेश्वरचा मुडदा पाडायची.

यंदा शाळेचे धनीराम गुरुजी सव्वीस जानेवारीला घरोघरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार होते. ते ऐकलं आणि विमलाच्या डोक्यात किडा वळवळला. जागेश्वर नेहमी म्हणायचा, देशातलं एकही विमान असं नाही की ज्याला माझा हात लागला नाही. बरं, म्हणाली, लाव हात.

एका डब्यातलं बॉम्ब टाकणारं विमान होतं, त्याचं धड तिनं घेतलं. दुसऱ्यातल्या लढाऊ विमानाचे पंख आरीच्या पात्यानं कापले आणि उजव्याचा डावा, डाव्याचा उजवा केला, त्यामुळं ते मागं झुकायच्या ऐवजी पुढं झुकले. शेपटी मालवाहू विमानाची. उरलेलं प्लास्टिक गोंदात विरघळवून तिनं फटी भरल्या, पॉलिश पेपरनं घासून सांधे गुळगुळीत केले. हे डबे तेजरामनं म्हातारपणी जोडायला ठेवले होते. पण नाव मातीत गेल्यावर डबे जपून काय लोणचं घालायचं होतं?

इंजिनं तिनं पेनच्या टोपणांची केली. इथंच खरी गोम होती. जेट इंजिन समोरून हवा खातं, हे तेजरामनं तिला पहिल्याच सुट्टीत सांगितलं होतं. तिनं टोपणांची बंद टोकं समोर ठेवली. दोन्ही इंजिनांची तोंडं बंद. ज्यानं आयुष्यात एकदा इंजिन उघडलं असेल तो बघताक्षणी हसला असता. वरून हिरवा रंग आणि तिरंगी चक्रं लावल्यावर विमान असं दिसायला लागलं की तिलाच क्षणभर वाटलं, असेल बाई कुठं तरी.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला आणि सारं गाव शाळेच्या व्हरांड्यात आलं. विमला टेबलावरच्या आपल्या विमानामागं उभी राहिली.

"भाऊजी, हे कोणतं विमान व्हय जी?" तिनं गोडीत विचारलं. "त्याहिच्या डब्यातलं हाये. नाव नाही लिहेल त्याच्यावर."

जागेश्वरनं विमान उचललं, चष्म्यातून चारी बाजूंनी पाहिलं. इंजिनांवरून बोटही फिरवलं. "हे लय गुप्त विमान होतं वहिनी. म्हनून नाव नाही. आमच्या एअरफोर्सच्या ठेसनावर दोनच होते. मी सोता इंजिन उघडलं याचं."

"आन तेजराम?"

"आता सनाच्या दिवशी कायले काढता? याच्याच पोटाखाली लपला होता थो. मी सोताच्या डोऱ्यानं पायलं. मंग पळाला."

विमलानं विमान त्याच्या हातातून घेतलं आणि कटकन पंख मोडला. मग दुसरा. मग इंजिन उपटून पेनचं टोपण गुरुजींच्या तळहातावर ठेवलं. तिन्ही डब्यांची झाकणं, वरची चित्रं, टेबलावर मांडली.

"हे विमान म्या मागच्या महिन्यात चुलीपाशी बसून बनवलं. दुनियेत कुठंच नाही हे. मंग भाऊजी, थो लपला कशाखाली?"

जागेश्वर आधी हसला, मग चिडला, मग खुर्ची शोधू लागला. खुर्ची कुणी दिली नाही. शेवटी पुटपुटला की तेजराम मेला तेव्हा तो चारशे मैल दूर, एअरफोर्सच्या भटारखान्यात होता आणि त्याला मरताना त्यानं पाहिलंच नव्हतं.

"उद्याच नाव कोरू, बाई," गुरुजी मान खाली घालून म्हणाले.

"नाव मंग कोरा. ज्या ज्या घरी यानं सांगतलं, त्या त्या घरी जाऊन आता हाच खरं सांगन."

ती त्याला घरोघर घेऊन फिरली. तो पुढं, ही मागं, हातात मोडकं विमान. लोक दारात येऊन ऐकत, काही हसत, काही नजर चुकवत. बाराव्या घरी जागेश्वरचा घसा बसला, तर विमला म्हणाली, "पानी पी आन चाल. आखी पाटलाची गल्ली बाकी हाये." तिला इतकं बरं सात वर्षांत वाटलं नव्हतं. हो, बरं वाटलं, त्यात लाज कसली?

सगळ्यात शेवटी तिनं त्याला स्वतःच्या घरी आणलं. मालनबाई खाटेवर बसली होती. जागेश्वर बोलला, म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग मले एकटीले सांगतलं होतं तू," ती म्हणाली, "पडता पडता थो माय म्हनून वरडला. थे?"

विमलाला हे ठाऊकच नव्हतं. म्हातारीनं कधी तोंडातून काढलं नव्हतं.

जागेश्वर विमलाकडं पाहू लागला. त्याला पुन्हा एकदा खोटं बोलायचं होतं, आणि या वेळी तिच्या परवानगीनं. तिनं नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. पण दिवसभराचा राग अजून अंगात होता.

"खरं सांग," ती म्हणाली.

"थे बी खोटं, माय."

मालनबाई भिंतीकडं तोंड करून निजली. "जाय तू," ती जागेश्वरला म्हणाली. तो गेल्यावर म्हणाली, "विमले, तू बी आज माह्यासमोर नोको येऊ."