ताईच्या बोटाचं प्रथिन

स्तनाच्या कर्करोगातून ताई बरी झाली आणि तिने धाकट्या बहिणीचा पिच्छाच पुरवला. "त्या प्रयोगशाळेत दिवसभर करतेस तरी काय? मला बघायचंय."

शेवटी धाकटी तिला घेऊन गेली. ट्रेमध्ये जेलीसारखा पातळ तुकडा होता. त्यावर निळ्या पट्ट्यांच्या दोन रांगा.

"ही निरोगी पेशींमधली प्रथिनं, ही कर्करोगाच्या पेशींमधली. पेशी बिघडली की काही प्रथिनं वाढतात, काही घटतात. त्यातलं एखादं रक्तात उतरत असेल, तर गाठ हाताला लागण्याआधीच तिचा सुगावा लागेल."

"म्हणजे ही पट्टी बघ, इथे ठसठशीत आणि तिथे नावालाही नाही!" ताईने वाकून थेट बोटच टेकवलं.

"अगं, हात नको लावूस!"

पण व्हायचं ते झालं होतं. एवढ्याने काय बिघडतंय, असं म्हणत धाकटीने तीच पट्टी कापून ओळख पटवायला पाठवली.

अहवाल आला तशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला बोलावलं. "हे तर माणसाच्या कातडीचं प्रथिन आहे. कुणी हात लावला होता?"

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर तिने ते सांगितलं, तर ताईची हसून हसून पुरेवाट. "इतक्या तपासण्या झाल्या माझ्या, पण असं रंगेहाथ कुणी पकडलं नव्हतं!"

धाकटीलाही हसू फुटलं आणि हसता हसता ती थांबली. पट्टी तर बोट लागायच्या आधीपासून होती! ताईच्या कातडीच्या प्रथिनामुळे त्यातलं खरं प्रथिन झाकलं गेलं होतं, एवढंच.

तिने पेशी नव्याने वाढवल्या. हातमोजे, डोक्याला टोपी, खोलीत दुसरं कुणी नाही. या वेळी खरं प्रथिन हाती लागलं, निरोगी पेशी जेमतेम बनवतात असं. दुसऱ्या रुग्णांच्या पेशींतही ते वाढलेलंच निघालं.

"हुरळून जाऊ नकोस," मॅडम म्हणाल्या, पण त्यांनाच हसू आवरत नव्हतं. "रक्तात सापडतं का, ते बघायचंय अजून."

रीतसर परवानगी मिळाल्यावर धाकटीने ताईला विचारलं, "तुलनेसाठी बरं झालेल्यांचं रक्त लागेल. देशील?"

ताई एकटी आली नाहीच. उपचारांच्या वेळी जमलेल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन आली. बाया बाह्या सरसावून खुर्च्यांवर बसल्या आणि आधी कुणी, यावरून त्यांची जुंपली.

"एकेक जण या हो," नर्स वैतागून हसली, "सुया भरपूर आहेत!"