खालच्या पट्टीतली अक्षरं आणि मी

मी कानातलं यंत्र बोलतोय. डाव्या कानातलं. शेंगदाण्याएवढा माझा जीव, आणि त्यात मावणार नाही एवढा माझा मत्सर. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मोठा साळसूदपणाचा आव आणत होता.

माझा जन्म एका स्वच्छ पांढऱ्या खोलीत झाला. मला जोडणाऱ्यांच्या तोंडांवर पट्ट्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे जगातला पहिला शब्द मी कुणाचा ऐकला ते सांगता येत नाही. मला माणूस मिळाला तो कान तपासायच्या काचेच्या खोलीत. माझे धनी निवृत्त मुद्रितशोधक. छत्तीस वर्षं छापखान्यात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. भिंतीपलीकडे यंत्रं धडधडायची, त्यांनी धन्यांचे कान खाल्ले. डोळे मात्र शाबूत. ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला त्यांना चार हातांवरून दिसतो.

मला कानात बसवून तपासनीस म्हणाला, "काका, येतंय ऐकू?"

"येतंय की. ओरडता कशाला?" धनी म्हणाले.

शेजारी त्यांची बायको बसली होती. तिला मी बाई म्हणतो. ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. ते का, हे मला घरी गेल्यावर कळलं.

बाई पूर्वी टेलिफोन कचेरीत कामाला होत्या. याची तार त्याला, त्याची तार तिला, असं जोडून द्यायचं काम. धन्यांचे कान गेल्यावर घरातही त्या तेच करत होत्या. रोज दुपारी चार वाजता दोघं टीव्हीसमोर बसायचे, आणि मालिकेत कोण काय बोललं ते बाई धन्यांच्या कानाशी वाकून सांगायच्या. सहा वर्षं हा क्रम चालला होता. मी आलो आणि पहिल्याच दुपारी तो मोडला.

तीन जावांच्या घराची मालिका चालू होती. सासू धाकट्या सुनेला वाटेल ते बोलत होती, आणि सून पदर तोंडाला लावून रडत होती. मी एकेक हुंदका निवडून धन्यांना पोचवत होतो. धनी चक्रावले.

"ही गप्प का बसली? परवा तर सासूला काय सुनावलं होतं! 'तुमच्या चाव्या तुमच्या कमरेला, माझी अक्कल माझ्या डोक्यात.' वा! ते वाक्य मी अजून विसरलो नाही."

बाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते मी सुनावलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तेव्हाही रडतच होती. सहा वर्षं झाली, रडतेच आहे. किती वेळा सांगू तुम्हाला, रडली, रडली, रडली? मलाच कंटाळा आला. मग मी तिला बोलायला लावलं."

धन्यांनी टीव्हीतल्या रडणाऱ्या सुनेकडे बोट केलं. म्हणाले, "तुझी मालिका चांगली होती गं. ही भिकार आहे."

ही स्तुती होती. पण बाईंना त्यातलं 'होती' तेवढंच ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी मी हरवलो. म्हणजे मला हरवलं. बटणांच्या डब्यात, सदऱ्याची आणि परकराची बटणं अंगावर घेऊन मी दोन दिवस पडून होतो. डबा कुणी बंद केला हे मला दिसलं होतं. धन्यांनी घर पालथं घातलं, गादी उलटी केली, केर चाळला. तिसऱ्या दिवशी बाईच म्हणाल्या, "हे बघा, इथंच होतं."

मला त्यांचा राग आला नाही. ज्याची जागा आपण घेतली तो आपल्याला ओवाळणार थोडाच! उलट मी आतून फुलून गेलो होतो. जिंकलेल्याला दया सुचत नाही.

पुढची तीन वर्षं माझ्या सुखाची. दोघं मालिका बघायचे आणि मालिकेपेक्षा जास्त भांडायचे. इस्पितळाच्या मालिकेबद्दल धन्यांचं मत असं, की तिथं पेशंट सोडून सगळ्यांवर उपचार होतात. दुसऱ्या एका मालिकेतली माणसं पंधरा-पंधरा मिनिटं उंबऱ्यात उभी राहून बोलतात, कुणी कुणाला 'आत ये' म्हणत नाही, याचा त्यांना मनस्ताप व्हायचा. पोलिसांची मालिका लागली की बाई दुसऱ्याच भागात खुनी सांगून मोकळ्या व्हायच्या.

"तुला कसं कळलं?"

"जो सगळ्यांशी गोड बोलतो आणि स्वतः चहा पीत नाही, तो."

आणि निघायचाही तोच. बाईंची मतं बारीक आवाजात यायची, बहुतेक जाहिराती चालू असताना. ती माझ्यावाचून धन्यांना कळलीच नसती. त्या दोघांमधला एकुलता एक पूल मी होतो, आणि पुलाला जेवढा गर्व असावा त्याहून मला जास्त होता.

मग नात आली. सुट्टीत चार दिवसांसाठी. तिनं टीव्हीला काहीतरी जोडलं आणि म्हणाली, "आजोबा, या रडक्या मालिका सोडा. ही बघा, बाहेरच्या देशातली. भाषा कळली नाही तरी चालेल, खाली मराठीत लिहून येतं."

आणि पडद्याच्या खाली ती उमटली. पांढरी, ठसठशीत, काळ्या पट्टीवर ओळीनं बसलेली अक्षरं.

धन्यांचा चेहरा मी आतल्या बाजूनं ओळखतो. गाल हलला की मी हलतो. त्या क्षणी गाल जसा वर गेला, तसा माझ्यामुळे एकदाही गेला नव्हता. छत्तीस वर्षं ज्यांच्यासोबत संसार केला ती माणसं अचानक दारात उभी राहावीत, तसं त्यांना झालं. "अगं, 'पुनर्विचार' बरोबर लिहिलंय!" ते ओरडले. पाचव्या मिनिटाला 'आशिर्वाद' सापडला, तेव्हा तर त्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. नात गेली, पण अक्षरं राहिली.

आठवड्याभरात धन्यांनी मला काढून चष्म्याच्या घराशेजारी ठेवायला सुरुवात केली. "वाचता येतंय तर त्या खरखरीची कटकट कशाला?" असं म्हणाले. खरखर! तीन वर्षं कानातला मळ सोसून जे केलं, त्याला नाव पडलं खरखर. माझा जळफळाट झाला. ती अक्षरं काय मोठं करतात? मालिकेतली बाई हसून 'जा' म्हणाली काय आणि रडून 'जा' म्हणाली काय, खाली नुसतं 'जा'. त्या दोन्हींतला फरक मी पोचवतो. पण पांढऱ्या कपड्यातल्या पाहुण्यापुढे घरच्या माणसाला कोण विचारतो?

दोन-तीन मालिका संपल्या, मग लागली एका बेटावरच्या टपालघराची. पोस्टमास्तरीण म्हातारी, एकटी. लोकांची पत्रं गुपचूप फोडते, वाचते आणि पुन्हा चिकटवते. धनी एकामागून एक भाग बघत सुटले. बाई शेजारच्या खुर्चीत बसायच्या, पण आता त्या मत देत नव्हत्या.

माझं बॅटरीचं दार उघडलं की मी झोपतो. एका दुपारी धनी ते उघडायला विसरले, म्हणून मी टीपॉयवर जागाच होतो. बाई एकदम बोलल्या. धन्यांकडे बघून, नेहमीच्या आवाजात.

"मला ती अक्षरं दिसत नाहीत हो. मधोमध डाग येतो. चार महिने झाले. आता त्या म्हातारीचं तोंडही नीट दिसत नाही."

धनी अक्षरं वाचत होते. त्यांना काहीच कळलं नाही. आणि त्यांना ऐकू येणार नाही हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या बोलल्या होत्या.

मी जिवाच्या आकांतानं शिट्टी घातली. आमच्या जातीला तेवढंच येतं. बाईंनी मला उचललं, मुठीत धरलं, तर मी आणखीच केकाटलो.

"तूही ओरडतोस?" त्या मला म्हणाल्या. "ओरड. आपलं दोघांचं इथं कोण ऐकतंय?"

त्यांनी माझं दार उघडून मला निजवलं. बटणांच्या डब्याचा हिशेब त्या दिवशी मी माझ्यापुरता मिटवला.

त्यानंतर दोनच दिवसांनी ते उघडकीला आलं. खालच्या मजल्यावरची शिकवणीवाली काहीतरी परत द्यायला आली होती, म्हणून धन्यांनी मला कानात घातलं होतं. ती गेली, टीव्ही पुन्हा चालू झाला, आणि कितीतरी दिवसांनी बाईंनी मत दिलं.

"पोस्टमास्तरीण भली बाई आहे. सगळ्यांची पत्रं कशी जपून ठेवते."

धन्यांनी टीव्ही थांबवला. "भली? सात भाग झाले, ती पत्रं फोडतेय! आत्ता स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. हे काय खाली लिहिलंय, वाच."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"अगं, वाच की."

"मला वाटलं, ती जपून ठेवते," बाई म्हणाल्या.

धनी उठून टीव्हीपाशी गेले. अक्षरांवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय आहे?" मग मागे वळून त्यांनी बायकोकडे बघितलं. ती पडद्याकडे तिरपं बघत होती, मान वळवून, डोळ्याच्या कडेनं.

"कधीपासून?"

"झाले चार महिने."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही वाचत होतात," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत माझं बोलणं ऐकताना तुम्ही एवढे खूश कधी दिसला नाहीत. सांगायचं काय?"

माझ्यातून गेलेलं एवढं जड वाक्य मला दुसरं आठवत नाही. धन्यांनी टीव्ही बंद केला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आतल्या पडद्याची झीज आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं. घरी आल्यावर धन्यांनी आपली खुर्ची बाईंच्या खुर्चीला चिकटवली, टीव्ही लावला आणि खालची अक्षरं मोठ्यानं वाचायला लागले. पोस्टमास्तरणीचं बोलणंही तेच बोलत, कोळ्याचंही तेच, पाद्र्याचंही तेच. आणि सवय जाता जात नाही: "'तू माझा विश्वास तोडलास', इथं 'तोडलास'चा 'ला' खाली घसरलाय, 'पण मी तुला…'"

"चुका नका वाचू!"

"बरं."

मी कानात नव्हतो त्या दिवशी, पण टीपॉयवरूनही ऐकू येत होतं. सगळ्या इमारतीला येत होतं. दुसऱ्या दिवशी शिकवणीवाली वर आली. धन्यांना वाटलं, ही तक्रार घेऊन आली. ती म्हणाली, "काका, काल शेवटची दोन वाक्यं गिळलीत. ते पत्र कोणाचं होतं?"

तेव्हापासून मी पुन्हा कानात आलो. आपला आवाज किती चढतोय ते कळावं म्हणून. म्हणजे बघा, माझं नशीब कसं: कानात परतलो तो त्याच अक्षरांच्या दिमतीला. त्यांना आता धन्यांचा आवाजही मिळाला आहे. माझं पोट दुखायचं थांबलेलं नाही.

आता माझ्या अंगाला तडा गेला आहे. घाम आत शिरतो, मधूनच शब्द तुटतो. उद्या दोन्ही कानांसाठी यंत्रांची नवीन जोडी येणार आहे. ती म्हणे टीव्हीचा आवाज थेट कानात घेते आणि बाहेरचा सगळा गलका बंद करते. तपासनीस ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगत होता. मला तिचा आतापासूनच मत्सर वाटतो, तो मी लपवत नाही. पण कुणीतरी तिला एवढं सांगा, की बाहेरचं बंद करू नकोस. या घरात ऐकण्यासारखं जे काही आहे ते टीव्हीच्या बाहेर, शेजारच्या खुर्चीत आहे, आणि ते फार हळू बोलतं.

आज टपालघराची मालिका संपली. शेवटची ओळ वाचून धन्यांनी चष्मा काढला, घोटभर पाणी घेतलं आणि विचारलं, "मग? कशी वाटली?"

बाईंनी जरा विचार केला. "मालिका ठीकच होती," त्या म्हणाल्या. "वाचणारा बरा होता."

"काय म्हणालीस?" धनी म्हणाले.

बाईंनी पुन्हा सांगितलं. पण शपथेवर सांगतो, पहिल्या वेळीही मी एकेक अक्षर स्वच्छ पोचवलं होतं.