बाईंचा वशिला

निर्मलाबाईंनी बुऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं व्याकरण शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत कुणाकडे काही म्हणून मागितलं नाही. बदली टाळायला नाही, बढती मिळवायला तर नाहीच. ‘वशिल्याचं तट्टू’ ही त्यांच्या तोंडची सगळ्यात जहाल शिवी. मुलगी तेजस्विनी पुण्याला नोकरीला लागली तेव्हाही त्या चार लोकांना सांगत सुटल्या होत्या, बिनवशिल्याची लागली हो! अभिमानच होता तो, आणि थोडा ताठाही. खरं ते सांगायला काय हरकत आहे?

त्या बुधवारी सकाळी बाईंच्या नवऱ्याला, सुरेशरावांना, रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटातला अल्सर फुटलाय, संध्याकाळी ऑपरेशन करावंच लागेल. बी पॉझिटिव्ह रक्ताची एकच बाटली होती, ती लावली. आणखी तीन हव्यात, रक्त देणारी माणसं दुपारी तीनच्या आत आणा. बाईंचं वय झालेलं, वर साखरेचा आजार, त्यांचं रक्त कोण घेणार? तेजस्विनी निघाली होती, पण पोचायला रात्र होणार. जुने विद्यार्थी गावभर पसरलेले. बाईंनी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला. कुणाला म्हणायचं, आणि कुठल्या तोंडाने?

दुपारी जुने रिपोर्ट न्यायला त्या घरी आल्या, तेव्हा शेजारचे इद्रीसभाई नमाज आटोपून ओट्यावर टेकले होते. इद्रीसभाई पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. हाताला कायम तेल, बोलणं कमी. बाईंनी कुलूप काढता काढता सगळं सांगितलं आणि कसनुशा आवाजात म्हणाल्या, “इद्रीसभाई, तुम्ही दर्ग्यात जाता. तिथं तुमचा वशिला आहे. यांच्यासाठी एक चादर चढवा. बाबा तुमचं ऐकतील.”

आयुष्यातलं पहिलं मागणं, आणि तेही वशिल्याचं! बोलतानाच बाईंचे कान गरम झाले.

“बाई, जाता ना मैं,” इद्रीसभाई हळू म्हणाले. “सलाम करता, फातिहा पढता. पर उनसे नहीं मांगता. उनके लिए मांगता. अपनेको मागायचं तर एकाच जागी.”

आतून त्यांची बायको रशीदाबी तरातरा बाहेर आली. “सुना बाई? तीस साल से यहीच चालू है. अरे, मैं बी अल्लाह सेच मांगती ना! बाबा को इत्ताच बोलती, तुम उसके प्यारे हो, मेरे लिए जरा दुआ करो. इसमें क्या बिगडा?” आणि नवऱ्याकडे न बघता तिनं बुरखा अंगावर घेतला न् ती दर्ग्याच्या वाटेला लागली. या वादावर मोठमोठे मौलवी एकमेकांशी बोलेनासे झालेत. या दोघांनी मात्र त्यावर तीस वर्षं सुखाचा संसार केला होता.

बाईंना नकार झोंबला. रिपोर्ट पिशवीत घालून त्या निघाल्या.

“रुको बाई. वसीला तो ढूंढना पडेंगा.”

आता मात्र बाई भडकल्या. “आत्ता म्हणालात तसलं काही करणार नाही, आणि लगेच वशिला? कुणा पुढाऱ्याला फोन लावणार? माझ्या नवऱ्याला वशिल्याचं रक्त नको!”

इद्रीसभाई आधी गोंधळले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “आपका वशिला अलग, बाई. वो दुसरे का हक मारता. हमारा वसीला म्हंजे जरिया. देणारा एकच आहे. पण तो काय आभाळातून बाटली टाकतो? किसी के हाथ से भेजता. वो हाथ ढूंढना, ये बी उसीका हुकूम है. जो सामने खडा है, जो दे सकता है, उसको मांगने में कायकी शरम?”

चौतीस वर्षं शब्दच शिकवले, आणि हा एक मात्र अर्धाच ठाऊक होता. बाईंना स्वतःचा राग आला. पण राग धरायला वेळ नव्हता, इद्रीसभाईंनी स्कूटर काढली होती.

कारखान्यात साठ माग एकदम चालू होते. त्या खटखटाटात शेजारच्याचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. इद्रीसभाई थेट भिंतीकडे गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. माग थांबले. माणसं माना वर करून बघायला लागली. इथं मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते, त्यामुळे भरदुपारी माग बंद करणं म्हणजे चेष्टा नाही.

“बोला बाई,” इद्रीसभाई म्हणाले.

“तुम्ही सांगा ना. तुमची माणसं आहेत.”

“मेरा तो रोज का आवाज है. आदमी आपका है. आपणच मागा.”

वर्गात पन्नास पोरांपुढे कधी न अडखळलेल्या बाई इथं अडखळल्या. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि आपण मागायला उभ्या आहोत! क्षणभर वाटलं, मागे फिरावं. मग सुरेशरावांचा सकाळचा पांढराफटक चेहरा आठवला आणि ताठा होता तिथल्या तिथे गळून पडला.

“माझ्या नवऱ्याला रक्त पाहिजे,” बाई म्हणाल्या. आवाज फाटला तरी त्या थांबल्या नाहीत. “बी पॉझिटिव्ह. आत्ता पाहिजे. मी तुमच्याकडे मागायला आले आहे. द्या हो कुणीतरी.”

देवराम नावाचा पोरगेला विणकर आधी पुढे आला. “माझं तेच आहे, बाई.” मग त्याच्या मागचा. मग कडूमामा म्हणून एक म्हातारे उठले, त्यांना सगळ्यांनी ओरडून खाली बसवलं. कुणी म्हणालं, आपला ग्रुपच माहीत नाही, चला तपासून घेऊ. अकरा जण निघाले, त्यातल्या चौघांचं जुळलं. चौथे खुद्द इद्रीसभाई. स्वतःचा ग्रुप ठाऊक असून हा माणूस घरी एक शब्द बोलला नव्हता! बाईंना त्याचं नवलही वाटलं आणि जरासा रागही आला. मागायला लावलं तर लावलंच पठ्ठ्यानं.

संध्याकाळी सातला डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. बाई बाकावरून उठल्या आणि दंडाला पट्टी लावून बसलेल्या इद्रीसभाईंपुढे त्यांनी हात जोडले. “इद्रीसभाई, देवासारखे धावून आलात हो!”

“तौबा, तौबा!” इद्रीसभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. “ऐसा मत बोलो बाई. उसके जैसा कोई नहीं.”

“मग काय म्हणू?” व्याकरणाच्या बाई खरोखरच अडल्या.

“कुछ बी मत बोलो. पुढच्या टायमाला मागायला इतका उशीर करू नका, बस.”

सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तीस वर्षं भिंतीला भिंत लागून घर, पण कुणाचं काही घेणं नको म्हणून ईदचा शिरखुर्मासुद्धा बाईंनी हसत हसत परत पाठवलेला. बाई पुन्हा बाकावर बसल्या आणि म्हणाल्या,

“मला फार भूक लागली आहे. रशीदाबींना दोन पोळ्या पाठवायला सांगता?”