गुरू हालता कामा नये

ललितच्या भरवशावर मी आबांना शब्द दिला, तिथेच माझं चुकलं. ललित माझा चुलतभाऊ. पाचोऱ्याला विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करतो, हात सोन्याचा आहे, पण काम संपलं की गडी धूम ठोकतो. त्या संध्याकाळी तो धुळ्याला मित्राच्या साखरपुड्यात पेढे खात होता आणि मी गच्चीवर टॅबलेट हातात धरून घाम पुसत होते. जानेवारीच्या थंडीत.

आबा म्हणजे माझे वडील, पण अख्खं गावच त्यांना आबा म्हणतं. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. कालव्याची पातळी काढताना त्यांचा हात कधी हलला नाही, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवाली दुर्बीण आणली. ताऱ्याचं नाव दिलं की ती मोटारीवर आपणच तिकडे वळते. मी गावच्याच शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दरवर्षी माझी मुलं आमच्या गच्चीवर यायची आणि आबा त्यांना आकाश दाखवायचे. मग आबांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले.

दुर्बिणीचा रिमोट वेटोळ्या वायरीने तिलाच जोडलेला असतो. तो आबांच्या हातात आला की वायर ओढली जायची आणि दुर्बीण हलायची. गेल्या वर्षी आठवीतल्या साक्षीने डोळा लावला आणि म्हणाली, "आबा, गुरू नाचतोय." सगळी गच्ची हसली. पोरगी निर्मळ मनाची, तिने जे दिसलं ते सांगितलं. आबाही हसले. रिमोट माझ्या हातात दिला, भिंतीला धरत खाली उतरले आणि त्यानंतर वर्षभर गच्चीवर आले नाहीत. दुर्बीण गव्हाच्या पोत्यांशेजारी गोणपाटाखाली पडून राहिली. तिच्या बाजूने झाडू फिरवताना मला रोज राग यायचा. कोणावर ते मात्र सांगता यायचं नाही.

मी चिडखोर आहे, हे गावाला ठाऊक आहे. पण चिडले की मला काहीतरी सुचतं, हे थोड्यांनाच ठाऊक आहे. त्या रिमोटच्या बुडाला एक खाच असते. तिला सिरीयल पोर्ट म्हणतात. तिथून वायर लावून दुर्बीण कॉम्प्युटरला जोडता येते. मग त्या वायरीच्या जागी बिनतारी पेटी लावली तर? रिमोट स्टँडला टांगून ठेवायचा, आबांनी लांब खुर्चीवर बसायचं, टॅबलेटवर ग्रहाच्या नावाला बोट लावायचं. बोट कितीही थरथरू दे, दुर्बिणीला त्याचा पत्ता लागणार नाही.

आबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जेवताना उत्तर दिलं. "एकदाच येईन, दिपा. नाही जमलं तर मला परत वर बोलवायचं नाही. दुर्बीण शाळेला देऊन टाक."

ते कधी चिडून बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं मागे घेतलं जाईल अशी आशाही नसते.

ललितकडे अशा पेट्या ढिगाने असतात. आमच्या शिवारात निम्म्या विहिरींवर त्यानेच त्या बसवल्यात. बांधावर उभं राहून मोबाईलवर मोटार चालू करायची, अंधारात विहिरीपाशी जायला नको. सगळ्या पेट्यांना त्याने एकच पिन दिलाय, आणि तोही मुद्दाम, गावाने सांगितलं म्हणून. थ्री फेजची लाईट कधी येईल याचा नेम नाही. ती आली आणि शेजारी बाहेरगावी असला, तर जो जवळ असेल त्याने त्याची मोटार लावून द्यायची, ही आमच्याकडची रीत. कुलूप शिवाराचं, किल्ली सगळ्यांकडे.

त्या दिवशी दुपारी त्याने दुर्बिणीला पेटी बसवली. पेटीवर एक बारीक लाल दिवा होता. आबा खुर्चीतून त्याच्याकडेच बघत होते. कोणाशी जोडलेली नसली की तो भरभर लुकलुकतो आणि जोडली गेली की दम खात, थांबून थांबून पेटतो, असं ललितने त्यांना समजावलं. मग आबांनी टॅबलेटला बोट लावलं आणि दुर्बीण घूं करत वळली. वर्षभरात ते पहिल्यांदा पोटातून हसले. ललित म्हणाला, आता काही बघायचं नाही, आणि गेला.

आणि आता अंधार पडत होता, मुलं जिन्यात चपला काढत होती आणि टॅबलेट तिसरंच काही सांगत होता. जोडत आहे. जोडत आहे. जोडणी होऊ शकली नाही.

मी टॅबलेट बंद करून चालू केला. पेटीची बॅटरी काढून परत घातली. यादीत पेटीचं नाव दिसत होतं, दुपारचंच, ललितने न बदललेलं, कंपनीने दिलेलं. बोट लावलं की तेच. ललितचा फोन लागला तेव्हा मागे बँड वाजत होता. तो काहीतरी ओरडला, त्यातलं मला "दुपारी तर चालू होती" एवढंच कळलं. हे मलाही माहीत होतं. मी फोन ठेवला आणि त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

आबा खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वर शाल आणि दोन्ही हात शालीखाली. मुलं अंथरलेल्या सतरंजीवर दाटीवाटीने बसली. साक्षी सगळ्यात मागे, मान खाली घालून. गुरू डोक्यावर चांगला ठसठशीत आलेला. सगळं जागेवर होतं, फक्त ती पेटी सोडून. मला दिसत होतं की अजून थोडा वेळ गेला की आबा शांतपणे उठतील, भिंतीला धरतील आणि मग कायमचंच.

मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, रिमोटवरून मी लावून देऊ का, तुम्ही नुसती माहिती सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिमोटवर तर कोणीही लावेल, म्हणाले. मग शालीतून एक हात बाहेर आला, थरथरत, आणि त्यांनी पेटीकडे बोट केलं.

"दिवा बघ."

मी बघितला. लाल दिवा लागत होता. लागून थांबत होता. परत लागत होता.

"दम खातोय," आबा म्हणाले. "कोणाशी तरी जोडलेली आहे ती."

माझा टॅबलेट तर जोडलेला नव्हता. मग कोणाशी? मी मुलांकडे वळले आणि कोणी मोबाईल आणलाय का, असं इतक्या जोरात विचारलं की पुढच्या रांगेतला एक मुलगा दचकून उभाच राहिला. मोबाईल कोणाकडेच नव्हता. आबा मात्र कान देऊन बसले होते. मागच्या भिंतीपलीकडे छगननानांचा ओटा आणि त्याला लागून त्यांची विहीर. लाईट तर मघाशीच आली होती, गावभर मोटारींचा आवाज चालू होता. छगननानांच्या विहिरीवर मात्र सामसूम.

आबा खुर्चीचा हात धरून उठले. मी पुढे झाले तर मला बाजूला सारलं. कठड्याशी जाऊन त्यांनी अहिराणीत हाक मारली. "छगन, मोटर लावी नही का रे?"

खालून वैतागलेला आवाज आला. "काय सांगू आबा, जुनी पेटी जळनी म्हणीसन ललितनी आज नवी बसाडी. मी दाबी दाबी थकी गऊ, मोटर काय चालू व्हत नही. गहू तहानेल शे."

"मोबाईलवर काय दखास?"

"जोडायेल शे अशे दखाडस. एकच नाव दोनदा व्हतं, मी वरलं दाबं."

आबा कठड्यावर ओणवे झाले. "अरे भो, तू मोटर धरेल नही, मनी दुर्बीण धरेल शे. सोड तिले. खालनं नाव दाब."

खाली छगननाना स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. इकडे पेटीवरचा दिवा भरभर लुकलुकायला लागला. एकाच दिवशी बसवलेल्या दोन पेट्या, दोन्हींचं नाव एक, दोन्हींचा पिन एक. आमच्या शिवाराची रीत आमच्याच गच्चीवर आली होती. मी बॅटरी काढून घातली तरी छगननानांचाच मोबाईल तिला आधी धरत होता. बिचारे छगननाना तासभर गुरूला गव्हाचं पाणी सोडायला सांगत होते.

आबा खुर्चीत येऊन बसले आणि मी टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी नावाला बोट लावलं. जोडत आहे. जोडले.

पलीकडे विहिरीवर मोटार धडधडली आणि इकडे आबांचं बोट "गुरू" या नावावर आलं. ते एकदा लागलं नाही, थरथरत चारदा लागलं. चारदाही हुकूम तोच. दुर्बीण घूं करत वळली, वर झाली आणि थांबली.

आबांनी मुलांच्या रांगेकडे बघितलं आणि साक्षीला पुढे बोलावलं. पोरगी पाय ओढत आली. डोळा लावला. बराच वेळ लावून उभी राहिली.

"बाजूला चार ठिपके आहेत," ती म्हणाली. "एका ओळीत."

"हालतात?"

"नाही आबा."

त्यांनी पुढच्या मुलाला तेच विचारलं. त्याच्या पुढच्यालाही. दरवेळी उत्तर मिळालं की ते मान हलवायचे आणि परत तेच विचारायचे. शाल कधीच खाली पडली होती. दोन्ही हात मांडीवर उघड्यावर थरथरत होते आणि तिकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. ठिपके गुरूचे चंद्र आहेत, हे त्यांनी सांगितलं तेव्हा छगननानाही वर येऊन रांगेत उभे होते.

मुलं गेल्यावर ते मला म्हणाले, "तू बघितलंच नाहीस. बघ."

मी डोळा लावला. गुरू पाण्यात पडल्यासारखा हलत होता, चारही चंद्र एकमेकांत मिसळत होते. मी डोळा पुसला, परत लावला. परत तेच.

"हालतो का?" आबांनी मागून विचारलं.

"अजिबात नाही, आबा," मी म्हणाले.