दुपारच्या दवाखान्याचा पडदा

"अगं, हा पडदा आखूडच आहे. बाहेरून माझे पाय दिसतात, आणि पायांवरून मला सगळी गल्ली ओळखते," तपासणीच्या खाटेवर बसलेली एक बाई अगदी माझ्या कानाशी कुरकुरली.

मित्रांनो, तो आखूड पडदा म्हणजे मी. मी एक जुना, सुती, निळ्या पट्ट्यांचा पडदा आहे. कापडाच्या ठाणाचा उरलेला तुकडा म्हणून स्वस्तात आलो, त्यामुळे उंचीला कमी पडलो.

या गल्लीतल्या बायका देहविक्री करून घर चालवतात. मोठी माणसं हे तुमच्यासमोर बोलत नाहीत. मी पडदा असूनही लपवत नाही. त्यांच्या आजारांसाठी एका मॅडमनी हा दोन खोल्यांचा दवाखाना काढला. मॅडम मायाळू. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, यांच्यासाठी पडदासुद्धा लावलाय. मी फुगून जाई. वारा असला तर जरा जास्तच.

पण ती कुरकुर ऐकून मला खाली वीतभर पट्टी जोडली ती अक्कानं. अक्का याच गल्लीतली, धंदाही तोच. जीभ तिखट, हात हलका. दारोदार फिरून बायकांना दवाखान्यात आणलं तेही तिनंच. गिऱ्हाईक निरोध नको म्हणालं तर काय करायचं, याची खलबतं माझ्याच आडोशाला झाली. एकीनं नाही म्हटलं की ते शेजारच्या दारी जाई. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, नाही म्हणायचं तर गल्लीभर नाही. काही दिवस चुली मंदावल्या. अक्का म्हणे, बारीक झालो तर भाव वाढेल. शेवटी गिऱ्हाइकंच वाकली. त्या दिवशी मी वारा नसताना फडफडलो.

एक अडचण मात्र उरली. दवाखाना सकाळी उघडे नि दुपारी बंद होई. रात्रभर जागलेल्या बायका सकाळी झोपेत. अक्काची जिवलग मैत्रीण, जिला सगळ्या माई म्हणत, पोटदुखीनं कळवळत दुपारी आली तर दाराला कुलूप. फेरीवाल्याकडच्या गोळ्या खाऊन ती मरणाच्या दारात जाऊन आली. वेळ बदलावी असं बायकांनी मॅडमना आडून सुचवलं, तर त्या म्हणाल्या, लवकर उठायची सवय चांगली असते.

आता मी विटलोय, अंगावर औषधांचे डाग आहेत. पण दवाखाना दुपारी उघडतो, बायकाच तो चालवतात आणि बाकावर टेकायला जागा नसते. मित्रांनो, मला अधूनमधून धूत जा, एवढंच मागणं. आणि कुणाचं भलं करायला निघालात, तर आधी त्यालाच विचारा. हे सगळं कसं जमलं, तेवढं ऐका.

माई जरा सावरली, त्यानंतर एक दिवस दवाखान्यात बैठक होती. कुणाला काही सांगायचंय का, असं मॅडमनी विचारलं. सगळ्या चहाच्या कपात बघू लागल्या. माईच्या आजारपणात तिच्या उशाशी मॅडमच तर बसल्या होत्या. त्यांना दुखवणार कोण? तिखट अक्कासुद्धा माझ्या पट्टीचा दोरा ओढत बसली. मग माईच उठली. अजून अशक्त होती, म्हणून तिनं माझा आधार घेतला. माझ्या दोन कड्या तुटल्या, पण मी हूं की चूं केलं नाही.

"मॅडम, तुमचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत," ती म्हणाली. "पण दवाखाना आमचा आहे. कधी उघडायचा ते आम्ही ठरवू, आणि चालवूही आम्हीच. किल्ली द्या."